न गिळलेला घोट

"पातेलं चालेल का, साहेब?" शिपायानं विचारलं.

जिल्हा न्यायालयातल्या त्या खोलीत क्षणभर कुणालाच कळेना, उत्तर कुणी द्यायचं. टेबलावर लाल वाइनची एक बाटली होती. तिच्याशेजारी कँटीनमधून मागवलेला चहाचा काचेचा ग्लास आणि त्याच्या पलीकडे पोलिसांचं ते फुंकायचं यंत्र. सगळी तयारी झाली होती. फक्त थुंकायचं कशात, याचा विचार कुणीच केला नव्हता.

"स्वच्छ आहे का?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"भज्यांचं पीठ भिजवतात त्यात, साहेब."

"मग धुऊन आणा. आणि परत देताना त्याहून चांगलं धुऊन द्या."

मागच्या बाकांवर हशा पिकला. माझ्या मांडीवर झोपलेली राही दचकली, तिला मी थोपटलं. माझ्या शेजारी माझे सासरे, नाना, पाठ भिंतीला न टेकता बसले होते. ते हसले नाहीत. त्यांची नजर समोरच्या कठड्याकडे होती, आणि कठड्यात त्यांची मुलगी, माझी नणंद सारिका, उभी होती. तिचा हात सारखा गळ्याशी जायचा, तिथं काही नाही हे बोटांना कळायचं आणि हात खाली यायचा.

तिथं काही महिन्यांपूर्वीपर्यंत तुळशीची माळ असायची.

राही आता शाळेत जाते. 'आत्याची केस' म्हणून तिनं ही गोष्ट अर्धीमुर्धी ऐकलेली आहे. पण त्या खोलीत मी काय पाहिलं, ते तिला नीट सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल.

मी धुळ्याची. लग्न होऊन निफाड तालुक्यात आले तेव्हा मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक म्हणजे चारी बाजूंनी द्राक्षांचे मांडव. आणि दुसरं म्हणजे माझी नणंद. नाना पक्के माळकरी. गावच्या सप्ताहात वीणा त्यांच्याच गळ्यात असायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, सारिकाला नानांनीच वाढवलेलं. शाळेत असताना तिनं हट्टानं त्यांच्याच हातून माळ घालून घेतली. पुढं ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि गावाजवळच्या वायनरीत नोकरीला लागली. काम होतं टाक्यांमधल्या वाइनची रोज चव घ्यायची, कुठली पुढं न्यायची आणि कुठली बिघडायला लागली ते सांगायचं.

नोकरी मिळाली त्या दिवशी बापलेकीत झालेलं बोलणं ह्यांनी, म्हणजे राहीच्या बाबांनी, मला कितीदा तरी सांगितलं होतं.

"चव घेऊन काय करायचं?" नानांनी विचारलं होतं.

"थुंकायचं."

"गिळायचं न्हाई?"

"नाही. कुणीच गिळत नाही, नाना. गिळली तर दुपारपर्यंत काम कोण करेल?"

नानांनी बराच वेळ विचार केला म्हणे. मग म्हणाले, "मग कर. पण गिळायचं न्हाई म्हंजे न्हाई."

गावाला मात्र हा चेष्टेचा विषय मिळाला. "माळकऱ्याची पोर दारूच्या कारखान्यात, आता नानांच्या भजनात रंग चढणार," असं पारावर चालायचं. सारिका ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिचा एक नेम होता. काम संपलं की वायनरीच्या नळावर खळखळून चुळा भरायच्या, डब्यात मुद्दाम राखून ठेवलेली अर्धी भाकरी चावून चावून खायची आणि मग पायरीवर नुसतं बसून राहायचं. पुरेसा वेळ गेला असं वाटलं की गाडीची किल्ली हातात घ्यायची. घरी यायला तिला रोज उशीर व्हायचा. मी चिडवायचे, "आलात का उपास सोडून?" ती हसायची. मला वाटायचं, किती हे सोवळं!

त्या संध्याकाळी तिनं तो नेम मोडला, आणि तो माझ्या फोनमुळे मोडला.

हंगामाचे दिवस होते. हे द्राक्षांच्या कंटेनरबरोबर मुंबईला बंदरावर गेलेले, नाना शेजारच्या गावी कीर्तनाला. राही तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती. दुपारपासून अंग कोमट लागत होतं, दिवस कलला तशी ती भाजायला लागली. तिचे डोळे वर गेल्यासारखे मला वाटले. खरंच गेले होते की मलाच तसं दिसलं, देव जाणे. पहिलटकरणीला काय काय दिसतं! मी फोनवर किंचाळले असणार, कारण सारिका पलीकडून एवढंच म्हणाली, "दारात उभी राहा, मी आलेच."

ती खरंच लगेच आली. वायनरी आमच्या शिवाराला लागूनच. तिच्या अंगावर कामाचा पांढरा कोट तसाच होता आणि बाहीवर जांभळे शिंतोडे. मी राहीला घेऊन पुढच्या सीटवर बसले, दार लावलं आणि मला वास आला.

माझ्या माहेरी मामा प्यायचे. दारूचा वास मला भिंतीपलीकडून कळतो. पण पोटाशी तापलेलं लेकरू होतं. मी फक्त तिच्या हातांकडे बघत राहिले, रस्त्याकडे, परत हातांकडे. गाडी सरळ चालली होती.

फाट्यावर नाकाबंदी होती. निवडणुकीचे दिवस होते, दारूच्या गाड्या पकडायला पोलीस संध्याकाळपासूनच उभे असत.

"काच खाली घ्या, ताई. कुठं निघालात?" हवालदार वयानं मोठे होते, बोलायलाही नीट.

"पिंपळगावला, दवाखान्यात. बाळाला ताप आहे."

ते राहीकडे बघायला वाकले आणि वाकल्या जागी थांबले. "वास येतोय."

"येणारच, काका. मी वायनरीत चव घेते. आत्ता टाकीपासूनच उठून आलेय."

"फुंका यात."

"फुंकते. पण मला चूळ भरू द्या आणि थोडा वेळ जाऊ द्या. आत्ता तोंडातलंच येईल त्यात."

"सगळे हेच म्हणतात, ताई. फुंका."

तिनं फुंकलं. यंत्र किंचाळलं. हवालदारांनी आकडा पाहिला, परत पाहिला, आणि मग तिच्याशी नाही, माझ्याशी बोलले. "तुम्ही बसलात कशा हो हिच्या गाडीत? लेकरू घेऊन?"

मी राहीचं दुपटं सारखं करत राहिले.

त्यांनी भला माणूस म्हणून एक केलं. एका शिपायाला आमची गाडी चालवायला दिली आणि आधी दवाखान्यात पाठवलं. राहीला साधाच ताप निघाला. ओल्या फडक्यानं पुसून, औषध देऊन डॉक्टरांनी तो उतरवला. मी रडत होते आणि माझ्यामागं सारिकाचा आवाज चालू होता.

"डॉक्टर, माझं रक्त घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या."

"पोलिसांचं पत्र लागतं."

"यांना विचारा ना, हे पोलीसच आहेत."

शिपाई म्हणाला, "मला साहेबांनी गाडी पोचवायला सांगितलंय, ताई. रक्ताचं काही सांगितलं नाही."

ती बाही वर करून, हात पुढे धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. रक्त कुणीच घेतलं नाही.

खालच्या कोर्टात तारीख लागली तेव्हा मीही गेले होते. तिथं त्या दिवशी पिऊन गाडी चालवणाऱ्यांची रांगच होती. सगळे पुरुष. एकेकाचं नाव पुकारायचे, तो 'गुन्हा कबूल' म्हणायचा, दंड भरायचा आणि बाहेर येऊन तंबाखू मळायचा. सारिकापुढचा एक जण वळून तिला म्हणाला, "ताई, कबूल म्हणा न् मोकळं व्हा. इथं कुणी विचारत नाही. चहा गार व्हायच्या आत काम होतंय."

तिचं नाव पुकारलं. ती म्हणाली, "कबूल नाही."

रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले.

तिनं वकील घेतला नव्हता. खरं सांगायला वकील कशाला, असं तिचं मत. खटला चालला. हवालदार आले, त्यांनी वास आल्याचं सांगितलं, यंत्रातली पावती दाखवली. सारिकानं टाक्या, चव, थुंकणं, चूळ असं सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि तिला दोषी ठरवलं. दंड झाला आणि 'कोर्ट उठेपर्यंत कैद'. म्हणजे दिवसभर त्या बाकावर बसून राहायचं. ती बसली. नाना तिच्या शेजारी जाऊन बसले. शिपाई म्हणाला, "आजोबा, तुम्हाला शिक्षा नाही, तुम्ही घरी जा." नाना म्हणाले, "मला बी कुठं जायचंय?"

घरी आल्यावर सारिकानं हातपाय धुतले, देवघरात गेली आणि माळ काढून पितळी वाटीत ठेवली.

"वरच्या कोर्टात जाणार मी," ती म्हणाली. "तिथं निकाल लागला की बघू."

नानांनी मान डोलावली. पण त्या वर्षी सप्ताहाची माणसं आली तेव्हा म्हणाले, "यंदा वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात द्या, बाबा. माझी पाठ धरलीय." मी रोज बघत होते, खताची गोणी पाठीवर घेऊन ते बांध चढत होते.

आणि मी? मी डोळे उघडे ठेवून होते. सारिकावर माझा जीव होता, पण तो वास मी घेतला होता. राहीला लसीचा डोस द्यायचा असला की मी शेजारची रिक्षा बोलवायचे. सारिकाच्या ते ध्यानात आलं. एकदा मी राहीचं दुपटं घडी घालत होते तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "वहिनी, तू निमित्त नको शोधत जाऊस. निकाल लागेपर्यंत मीच तिला गाडीत घेणार नाही." आणि हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी 'अगं तसं नाही' असंही म्हटलं नाही. तसंच होतं.

अपिलासाठी आम्ही कुलथे वकिलांकडे गेलो. मोठे अनुभवी गृहस्थ, जिभेवर साखर आणि मिरची दोन्ही. त्यांनी खालच्या कोर्टाचे कागद चाळले आणि खूश होऊन टेबलावर थाप मारली.

"सोप्पं आहे! यंत्र तपासल्याचा दाखला मुदत संपलेला. पावतीवर पंचाची सही नाही. रक्त घेतलंच नाही. मी उभा राहणार, जरासा बोलणार, तुम्ही सुटणार."

"कशावरून सुटणार?" सारिकानं विचारलं.

"कागदांवरून."

"मग मी प्यायले होते की नव्हते?"

"ते कोर्ट बघणारच नाही ना! तीच तर गंमत."

"मग मला नको."

कुलथे वकिलांनी चष्मा काढला. "बाई, असा मुद्दा हाती लागावा म्हणून लोक नवस बोलतात."

"लागलाय तर घाला तो अर्जात. पण त्याच्या आधी माझं काम काय असतं ते कोर्टाला दाखवा. माझ्यासमोर बाटली ठेवा, यंत्र ठेवा. मी घोट घेते, थुंकते, फुंकते. मग थांबते आणि परत फुंकते. कागद चुकले म्हणून सुटले तर गाव म्हणेल, वकिलानं सोडवली."

"गावाचं काय घेऊन बसलात?"

"गावाचं नाही," ती म्हणाली आणि तिचा हात रिकाम्या गळ्याशी गेला.

वकील माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी समजवा."

मी म्हटलं, "ती म्हणते तसंच करा." ते तिच्यासाठी जेवढं होतं तेवढंच माझ्यासाठीही होतं. मलाही जाणून घ्यायचं होतं.

"अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत," ते पुटपुटले. "अर्ज करून बघतो. फेटाळला तर मला हसू नका."

अर्ज फेटाळला गेला नाही. सरकारी वकील पगारे मॅडमनी कडाडून विरोध केला, न्यायदानाच्या जागी दारू आणणं कोर्टाला शोभत नाही म्हणाल्या. न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, या इमारतीत चाकू, कुऱ्हाडी, विषाच्या बाटल्या येऊन गेल्या. वाइनचं वाईट का वाटावं?" बाटली मात्र त्यांनी सरकारी वकिलांनाच आणायला सांगितली, म्हणजे नंतर शंका नको.

तर ते पातेलं आलं. धुतलेलं, पाणी निथळणारं.

सारिकाला शपथ दिली. तिनं आधी कोरं फुंकलं. यंत्रावर शून्य. मग तिनं ग्लासात घोटभर वाइन ओतली, ग्लास जरा तिरका करून उजेडाला धरला, नाकाशी नेला. तिनं घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, गालांत तो इकडून तिकडे फिरवला आणि वाकून पातेल्यात थुंकला. अगदी नीट, एका धारेत. एखादी बाई तुळशीला पाणी घालते तसं ते सहज होतं. त्यात दारू पिण्यासारखं मला काहीच दिसलं नाही.

"कशी आहे?" न्यायाधीशांनी विचारलं आणि आपण हे का विचारलं असं त्यांना झालं असावं, ते खाकरले.

"उन्हात राहिलीय, साहेब," सारिका म्हणाली. "गाडीत ठेवली होती का कुणी?"

पगारे मॅडम कागदांत बघायला लागल्या.

तिनं फुंकलं. यंत्र किंचाळलं, अगदी फाट्यावर किंचाळलं होतं तसंच. हवालदारही साक्षीला बोलावले होते. ते पुढं होऊन आकडा बघून आले आणि मान हलवत जागेवर बसले. "त्या दिवसापेक्षा जास्तच दाखवतंय," ते हळूच म्हणाले, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग तिला चूळ भरू दिली, आणि न्यायाधीशांनी मधल्या वेळात दुसरं एक प्रकरण घेतलं. बांधावरच्या झाडाचं भांडण होतं. दोन भाऊ आंब्याच्या एका झाडावरून ओरडत राहिले. आम्ही सगळे यंत्राकडे बघत बसलो. राही उठली, तिला मी बिस्कीट दिलं. नानांनी एकदा सारिकाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, नामस्मरण चाललं होतं.

आंब्याला पुढची तारीख पडली. सारिकानं परत फुंकलं.

शून्य.

कुलथे वकील उठले, कोट सारखा केला. "साहेब, अजून मी काय बोलू?" असं म्हणून खाली बसले. मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि शिपायानं त्याला दटावलं. संपलं, असं मला वाटलं.

पण पगारे मॅडम उठल्या. त्या हुशार होत्या, हे मला मान्य करावंच लागेल.

"आज तुम्ही एक घोट घेतलात. हंगामात रोज किती टाक्यांची चव घेता?"

"पुष्कळ. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालतं."

"आणि दर वेळी थुंकता."

"हो."

"गळ्यात माळ घालत होता तुम्ही. दारू न पिण्याचं व्रत आहे ना ते?"

कुलथे वकील अर्धवट उठले. "साहेब, याचा इथं संबंध काय?"

"संबंध आहे. 'मी पीत नाही' हा त्यांचा बचावच माळेवर उभा आहे." मॅडम सारिकाकडे वळल्या. "शपथेवर सांगा. दिवसभर चव घेताना तुमच्या अंगात एक थेंबही जात नाही?"

सारिकाचा हात गळ्याशी गेला.

मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं न्यायाधीशांकडे पाहिलं नाही, वकिलाकडे पाहिलं नाही. नानांकडे पाहिलं. कुलथे वकील ओठांनी, आवाज न करता, 'नाही, नाही' म्हणत होते. मीसुद्धा मनात तेच म्हणत होते. एक शब्द. म्हण आणि खाली ये.

"जातो," सारिका म्हणाली.

कुलथे वकिलांनी डोळे मिटले.

"तोंडात धरलं की थोडं मुरतंच, मॅडम. जिभेखालून, गालांतून. कितीही नीट थुंकलं तरी लाळेबरोबर काहीतरी मागं जातं. फार कमी असतं. गाडी चालवता येऊ नये इतकं कधीच नसतं, त्या दिवशीही नव्हतं. माझ्या भाचीला घेऊन मी तशी बसलेच नसते. पण एक थेंबही जात नाही म्हटलं तर ते खोटं होईल."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"नोकरीला लागले तेव्हा नव्हतं. नंतर कळलं."

"तरी माळ ठेवलीत."

"ठेवली," ती म्हणाली. "नानांना सांगायचं राहून गेलं. आज सांगितलं."

माझ्या शेजारी नानांचे ओठ हलायचे थांबले होते.

बाहेर व्हरांड्यात कुलथे वकिलांनी तिला गाठलं. "बाई, 'नाही' म्हणायला श्वाससुद्धा लागत नाही. तेवढं म्हणाला असता तर मी पेढे मागवले असते आज!"

"शपथ घेतली होती मी."

"शपथ इथं सगळेच घेतात हो!" ते म्हणाले. मग जरा थांबले, तिच्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. घरी जा. काहीतरी खा."

घरी जाताना गाडी हे चालवत होते. सारिका खिडकीशी, नाना पुढे. निकालापर्यंतचे दिवस नानांनी नेहमीसारखे काढले. जेवायला बसले, वावरात गेले, हरिपाठ म्हटला. फक्त सारिकाशी ते बोलत नव्हते, आणि तीही बोलायला जात नव्हती. पाटावर दोघं समोरासमोर बसायचे आणि मी मधून भाजी वाढायचे. देवघरातल्या पितळी वाटीवरून मी रोज फडकं फिरवत होते.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी खालच्या कोर्टाचा निर्णय रद्द केला. यंत्रानं दाखवलं ते तोंडातलं होतं, रक्तातलं किती हे कुणी तपासलंच नाही, आणि बाई स्वतः हात पुढे करून उभी असताना तपासलं नाही, असं त्यांनी वाचलं. कागदांच्या चुका शेवटी आल्या. त्याच्या आधी एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे: "अपीलकर्तीने स्वतःला अडचणीचे ठरेल असे उत्तर शपथेवर दिले, असे उत्तर देणाऱ्या व्यक्तीच्या उरलेल्या कथनावर अविश्वास दाखवण्यास या न्यायालयास कारण दिसत नाही." हवालदार दारात भेटले. म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही थांबा म्हणालात, थांबायला हवं होतं मी." सारिका म्हणाली, "तुम्ही बाळाला आधी पाठवलंत, काका. ते मी विसरत नाही."

संध्याकाळी घरी आलो. नाना पाय धुऊन थेट देवघरात गेले आणि माळ तळहातावर घेऊन ओसरीवर आले.

सारिका मागं सरकली. "नको, नाना. कोर्टानं सोडलं म्हणून काय झालं? तुमच्यासमोर सांगितलंय मी. आणि नोकरी मी सोडणार नाही. मला येतं ते काम, आवडतं. मग माळ कशी घालू?"

नाना जोत्यावर बसले. त्यांनी समोरच्या मांडवाकडे बोट केलं.

"आपल्या खालच्या वावरातला माल कुठं जातो गं?" त्यांनी विचारलं.

"वायनरीला."

"कधीपास्नं?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

"त्याची दारू व्हती, हे मला ठाऊक नव्हतं?" नाना म्हणाले. "गाडी भरताना ही माळ माझ्या गळ्यातच असायची. काट्यावर उभा राहून भाव करताना बी असायची. मी कुणाला बोललो न्हाई आणि मला कुणी विचारलं न्हाई. वीणा घेऊन उभा राह्यलो तरी कुणी विचारलं न्हाई. तुला त्या बाईनं विचारलं, आणि तू सांगितलंस. साऱ्या कोर्टासमोर सांगितलंस."

त्यांनी मान खाली केली आणि स्वतःच्या माळेत बोट घातलं.

"तुझी जर वाटीत ऱ्हाणार आसंल, तर ही बी काढ. तुझ्याच हातानं काढ."

सारिका खांबाला धरून उभी होती. तिचा हात नानांच्या गळ्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग ती हळूच खाली बसली, त्यांच्या पायरीच्या खालच्या पायरीवर, आणि तिनं मान वाकवली. नानांनी माळ घातली. गाठ त्यांना नीट बसवता येईना. मी पुढं होऊन गाठ मारून दिली.

दुसऱ्या दिवशी राहीचा डोस होता. शेजारचा रिक्षावाला हाक मारून गेला, मी त्याला म्हटलं, "नको, आज आत्या नेणार आहे."

सारिका कामावरून आली. त्या दिवशी ती वायनरीच्या पायरीवर थांबली नव्हती, कुणाला तरी तिची गाडी चालवायला सांगून तशीच आली होती. अंगणातल्या नळावर तिनं खळखळून चुळा भरल्या. डब्यातली अर्धी भाकरी काढून चावत चावत खाल्ली. गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

मी राहीला घेऊन तिच्याजवळ बसले. जरा वेळानं नाना आतून आले आणि तेही बसले. दवाखाना बंद व्हायला अवकाश होता. मांडवावरून वारा येत होता. राहीनं आत्याच्या मांडीवर चढून माळेचा एक मणी तोंडात धरला होता, आणि सारिका तो तिच्या ओठांतून काढत होती, परत परत.

"झालं का गं?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. अजून थोडं."

"आसू दे," नाना म्हणाले. "बसू की."